डावीकडचे पिंजरे

शैला, मी उंदरांना भ्यायचो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, झोप लागत नाही म्हणून ज्या डॉक्टरकडं जातो त्यालाही नाही. तुला तर नाहीच. पेठ वडगावच्या तालमीत लाल माती अंगाला लावून वाढलेला, मान बैलासारखी झालेला माणूस मी. आणि मुठीएवढ्या पांढऱ्या उंदराच्या पिंजऱ्याचं झाकण उचलायची वेळ आली की माझा हात हवेतच थांबायचा. वाचणाऱ्याला हसू येईल. तुलाही आलं असतं. तू पोट धरून हसली असतीस, आणि मग आठवडाभर अख्ख्या डिपार्टमेंटला सांगत फिरली असतीस की पैलवान उंदराला भ्यातोय. एवढंच झालं असतं. चार दिवस माझी चेष्टा झाली असती आणि तुझं काम वाचलं असतं.

गारगोटीच्या कॉलेजातल्या तुझ्या विद्यार्थिनींनी तुझ्यावरच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडं लेख मागितला. त्यातली एक फोनवर म्हणाली, मॅडम आधी संशोधन करायच्या असं ऐकलंय, पण तो विषय काढला की त्या फळ्याकडं वळायच्या. तुम्ही बरोबर होता न्हवं, सर? तेवढं लिहा. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरीची वर्षं किती, हे त्या पहिल्या पानावर छापतीलच. मी तेवढंच लिहितो, जे त्या पोरीनं मागितलं. फळ्याकडं का वळायचीस ते.

कोल्हापुरात आपल्या डिपार्टमेंटच्या मागं प्रयोगाचे उंदीर ठेवायचं ते पत्र्याचं ॲनिमल हाउस होतं. आत भुशाचा आणि उंदरांच्या मुताचा वास, आणि एक पंखा, जो फिरायचा कमी आणि कण्हायचा जास्त. तू आत शिरलीस की उंदीर जाळीपाशी गोळा व्हायचे. तुझ्या माहेरी गोठा. लहानपणापासून रेडकांच्या तोंडात बोटं घालून त्यांना दूध प्यायला शिकवलेली तू. कोल्हापूरच्या बायकांसारखी तू 'मी आलो, मी गेलो' म्हणायचीस, आणि उंदरांशीही त्याच भाषेत बोलायचीस. "आलो रे बाळांनो, आलो." उंदीर तुझ्या बाहीतनं चढून कॉलरपाशी यायचे आणि तू वहीत लिहीत बसायचीस.

आपला प्रयोग साधा होता. या पोरींना समजावा म्हणून परत सांगतो, तुला कंटाळा येईल. लोखंडी गजांची जमीन असलेल्या पेटीत उंदीर ठेवायचा. एक बारीक सूर वाजवायचा आणि सूर संपता संपता गजांतनं विजेचा हलका झटका द्यायचा. असं थोड्या वेळा केलं की नुसता सूर ऐकून उंदीर थिजतो. श्वास तेवढा हलतो, बाकी दगड. मग झटका बंद करायचा आणि नुसता सूर वाजवत राहायचं. हळूहळू उंदराला कळतं की आता काही होत नाही. तो नाक उडवतो, मिशा साफ करतो, फिरायला लागतो. पुस्तकात याला विलोपन म्हणतात.

या शब्दावरनं आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणायचो, पुरेसा वेळ सूर वाजवला की भीती संपते, विषय मिटला. तू म्हणायचीस की पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी जनावर पाळलेलं नाही. हाच उंदीर महिन्यानं दुसऱ्या पेटीत घाल, दुसऱ्या खोलीत ने, सूर वाजव, आणि बघ. "भीती मरत न्हाय, बसू. पांघरूण घेऊन झोपती." उंदीर जुनं विसरत नाही, त्यावर नवं शिकतो, आणि ते नवं शिकलेलं कधी टिकतं, कधी निसटतं. तुला शोधायचं होतं ते हेच की ते टिकतं कशानं आणि निसटतं कशानं. ताण आला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतनं एक संप्रेरक रक्तात उतरतं. घाबरलेल्या जीवाच्या डोक्यात आठवण घट्ट बसवायचं काम ते करतं. मग तेच संप्रेरक उंदराला नव्यानं शिकायच्या वेळी दिलं तर काय होईल? भीती आणखी घट्ट होईल, की 'आता भ्यायचं कारण नाही' हा धडा घट्ट होईल? आपल्या मार्गदर्शक सरांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी पहिल्यांदाच तुझ्याकडं बघून चहा मागवला.

त्याआधी एक काम होतं. प्रत्येक उंदराला रोज थोडा वेळ हातात घ्यायचं. बाकी काही नाही. हातावर चालू द्यायचं, पाठीवरनं बोट फिरवायचं, परत ठेवायचं. याला हाताळणी म्हणतात. उंदराला परका हात लागला तरी त्याच्या रक्तात तेच संप्रेरक उतरतं, जे आपल्याला बाहेरनं द्यायचं आहे. आधीच धास्तावलेल्या जनावरावर ताणाचा प्रयोग करून काय कळणार? तू मला हे एका वाक्यात सांगितलं होतंस. "जनावराला आधी हात कळतो, माणूस मागनं."

पहिल्याच दिवशी एक उंदीर मला चावला. नखातनं आरपार. तू बाहेर पाणी आणायला गेली होतीस. परत आलीस तेव्हा मी सांगितलं की पिंजऱ्याचा पत्रा लागला. तू आयोडीन लावलंस आणि म्हणालीस, पत्र्यानं पैलवानाला चितपट केलं. हसलो आपण दोघं.

दुसऱ्या दिवशी झाकणाला हात लावायला गेलो आणि हात पुढं जाईना. मला खरंच वाटलं की खांद्यातनं काहीतरी निखळलंय. घामानं शर्ट पाठीला चिकटला, कानांत दडे बसले. झाकणाखालनं भुशात नखं घासल्याचा आवाज येत होता. मी जे तुझ्याबरोबर शिकत होतो, तेच माझ्या अंगात चाललं होतं. माझ्याच मूत्रपिंडावरच्या टोप्या गळत होत्या. एकदा झटका, आणि पुढं नुसता आवाज पुरे. कुणालाही सांगायला हवं होतं. पण माझे वस्ताद म्हणायचे, भ्यालेल्या गड्याला मातीत उतरू देऊ नका. आणि वडगावच्या बाजारपेठेत माझे वडील दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते की आमचा बसवराज मेंदूवर शोध लावतोय. शोध लावणारा उंदराला भ्यातो, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

मग मीच सुचवलं की पिंजरे वाटून घेऊ. तू सकाळी उजवीकडच्या रॅकवरचे उंदीर हाताळ, मी दुपारी डावीकडचे हाताळतो. तू नको म्हणालीस. तुझं म्हणणं होतं, एकाच माणसानं सगळे हाताळावेत, नाहीतर दोघांनी मिळून सगळे. हातात फरक पडतो. मी वेळेचं कारण काढलं, तुझ्या एस.टी.चं कारण काढलं, शेवटी म्हणालो, माझ्यावर भरवसा नाही काय? तू खांदे उडवलेस. "बरं बाबा. तुझं डावं, माझं उजवं."

ही विभागणी माझी होती, शैला. हे मी तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

रोज दुपारी मी ॲनिमल हाउसात जायचो, आतनं कडी लावायचो आणि स्टुलावर बसायचो. डाव्या रॅककडं पाठ करून. एखाद्या दिवशी उठून झाकणावर हात ठेवायचो, की पिंजरा हलायचा, आत पळापळ व्हायची आणि मी परत येऊन बसायचो. म्हणजे त्या जीवांना हाताची सवय तर मिळाली नाहीच, वर रोज एक धक्का मात्र मिळाला. वेळ भरली की नळाखाली साबणानं स्वच्छ हात धुवायचो आणि बाहेर यायचो. कशासाठी धुवायचो कुणास ठाऊक. त्या हातांनी काही केलेलंच नसायचं.

कुठल्या रॅकला संप्रेरक द्यायचं आणि कुठल्या रॅकला नुसतं तेल, हे आपण चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तुझ्या ओढणीत चिठ्ठ्या होत्या, मी काढली. डाव्याला संप्रेरक आलं. तिळाच्या तेलात विरघळवून द्यायचं होतं. सुई तूच टोचायचीस, त्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. उजवे उंदीर तुझ्या तळहातावर बसून सुई टोचून घ्यायचे. डावे किंचाळायचे, पिळवटायचे, हातभर लेंड्या टाकायचे. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुझे उंदीर तुझ्यासारखेच आडदांड हैत की रं. हातात मावत न्हाईत." मी तेव्हाही हसलो.

आज विचारतो. तेव्हा तुझ्या मनात काही आलं होतं का?

निकाल तर असा आला की सर खुर्चीतनं उठले. नुसत्या तेलाचे उंदीर भीती सोडून फिरायला लागले. संप्रेरक दिलेले थिजलेलेच राहिले, सूर वाजला की दगड. तू काचेला नाक लावून हलक्या आवाजात म्हणालीस, "सोडंना बघ. ते औषध भीतीला सोडंना." त्या दिवशी तू मला शाहूपुरीत आईस्क्रीम चारलंस. वाटेत तू इतकी भरभर बोलत होतीस की रस्ता ओलांडताना मी तुझं दप्तर धरून तुला मागं ओढलं. पुढची पाच वर्षं तू आखून टाकली होतीस. त्यातल्या प्रत्येक प्रयोगात मीपण होतो.

मी आईस्क्रीम खाल्लं.

दीड-दोन वर्षांनी सरांच्या नव्या विद्यार्थ्यानं तोच प्रयोग परत केला. एकट्यानं, सगळे उंदीर स्वतः हाताळून. त्याचा निकाल उलटा आला. त्याच्या उंदरांना संप्रेरक दिल्यावर ते भीती लवकर सोडायला शिकले. म्हणजे 'आता भ्यायचं कारण नाही' हा धडा घट्ट बसला होता. सरांनी आपल्याला बोलावलं. वर जाताना जिन्यात तू थांबलीस, कठड्याला टेकलीस आणि मला विचारलंस.

"बसू, तू रोज हाताळत होतास न्हवं?"

"व्हय की."

एवढंच. दोन शब्द. त्यावर तू मान हलवलीस आणि वर गेलीस. खोलीत सरांनी विचारलं की दोन गट दोन रॅकवर, दोन माणसांत का वाटले. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "विभागणी मी केली, सर." सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, हा निष्काळजीपणा आहे, आणि निष्काळजी माणसानं जनावरांचा जीव घेऊ नये. तू खाली बघितलंस. तुझ्या शेजारी मी उभा होतो, सगळं अंग घेऊन.

हे शास्त्र मी आता तीस वर्षांच्या आसपास शिकवतोय, म्हणून आणखी एक सांगतो. त्यानं जास्त त्रास होईल. तुझे निकाल खोटे नव्हते. जे जनावर आधीपासून धास्तीत जगतं, त्याच्यावर ते संप्रेरक वेगळंच काम करू शकतं. ज्याला हात मिळाला, त्याला ते सुटायला मदत करतं. ज्याला हात मिळाला नाही, तो त्याच ओझ्याखाली दबतो. मी जिन्यात 'न्हाय' म्हटलं असतं, तर तू वर जाऊन सरांना सांगितलं असतंस की आपल्याला चुकून दुसराच प्रश्न सापडलाय. तुझा चेहरा कसा उजळला असता तेही मला दिसतं. त्या प्रश्नावर तू आयुष्य काढलं असतंस. मी तो प्रश्न खिशात घातला आणि तुला चूक दिली.

तू काम सोडलंस. लग्न झालं, गारगोटीला गेलीस, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलीस. मी विषय बदलला. माणसांच्या स्मरणावर काम केलं, कागदावर, प्रश्नावल्या देऊन, जिथं काही चावत नाही. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पुढं विभागही मिळाला. दरवर्षी विलोपनाचा धडा येतो. पेटी, सूर, झटका. फळ्यावर उंदीर काढताना मी त्याला शेपटी काढत नाही, विद्यार्थी हसतात. आमच्या घरातलं कपड्यांचं मशीन काम संपलं की एक बारीक सूर काढतं. त्याची पट्टी आपल्या पेटीच्या सुराशी जवळपास जुळते. तो वाजला की माझा चमचा तोंडाजवळ थांबतो. बायको म्हणते, काय झालं? काही नाही म्हणतो, खातो. तुझंच खरं होतं, शैला. पांघरूण घेऊन झोपते ती.

तरीही मी तुझ्या घरी येत राहिलो. तुझ्या नवऱ्याला मी दाजी म्हणायचो, ते मला पावणं म्हणायचे, तुमची लेक सई मामा म्हणायची. नातं जोडलं गेलं, आणि प्रत्येक नात्यागणिक ते सांगणं अवघड होत गेलं. तुमच्या गोठ्यात नवी म्हैस आली की तू आठवडाभर दूध काढायला बसायची नाहीस. नुसती जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायचीस. दाजी म्हणायचे, मास्तरीणबाई म्हशीची शाळा घेतात. एकदा तू मला हाताला धरून आत नेलंस. शेणाचा आणि भुशाचा वास आला आणि माझी पावलं दारातच जड झाली. तू माझा पंजा उचलून म्हशीच्या पाठीवर ठेवलास आणि वर तुझा हात दाबून धरलास.

"ठेव. भ्यालास तरी हात उचलायचा न्हाय. भ्यालेलं कळतंय तिला, पण हात उचलला की मग तिचा भरवसा उडतोय."

तू म्हशीकडं बघत होतीस. की माझ्याकडं? हे मला आजही नीट आठवत नाही, आणि त्याच क्षणाकडं मी परत परत जातो. तुला माहीत होतं का? माहीत असून तू मला वाट करून दिलीस का? दिली असशील तर मी ती ओळखली नाही, आणि ओळखली असली तरी चाललो नाही. माझी कातडी त्या कातडीवर होती, म्हशीच्या अंगावरनं थरथर जात होती आणि तू म्हणालीस, "बघ, जमलं." मी हात काढला आणि पँटला पुसला.

दवाखान्यात तू बारीक झाली होतीस. इथंच कोल्हापुरात, मी रोज येऊ शकत होतो, आणि यायचो एक दिवसाआड. त्या दुपारी दाजी औषधं आणायला खाली गेले होते. तू खिडकीकडं बघत होतीस. म्हणालीस, "बसू, खरं सांग. शेवटी भीती जाती काय रं?"

मी वर्गात देतो ते उत्तर दिलं. पुसली जात नाही, तिच्यावर दुसरं शिकणं बसतं.

"आता कबूल करतोस होय," तू म्हणालीस. "एवढी वर्षं भांडलास की माझ्याशी." आणि हसलीस. हसताना तुला धाप लागली. मग तू माझ्याकडं बघत राहिलीस. त्या बघण्यात घाई नव्हती. मी खुर्ची थोडी पुढं ओढली. शब्द तोंडापर्यंत आले होते, शैला, मी शपथेवर सांगतो. दार उघडलं, दाजी चहाचे कप घेऊन आत आले. मी उठून त्यांच्या हातातला ट्रे घेतला. इतक्या तत्परतेनं मी आयुष्यात कधी कुणाच्या हातातला ट्रे घेतला नव्हता.

तू गेल्यावर दहाव्याला मी गारगोटीला आलो. नदीवरनं घरी परतलो, माणसं पांगली. दाजी दिसेनात म्हणून मी घरामागच्या परड्यात गेलो. गोठ्याच्या दारातनं आत बघितलं आणि जागच्या जागी थांबलो. म्हशीच्या कासेशी तू बसली होतीस. पाठमोरी, तुझी ती हिरव्या काठाची जुनी साडी, डोक्यावरनं घेतलेला पदर. माझा श्वास तेवढा हलत होता.

पदराआडनं दाजींनी मान वळवली. तू गेल्यापासून म्हैस पान्हा चोरत होती. कास टम्म, दुखणं सुरू, आणि दाजी बसले की लाथ. मग शेजारच्या एका म्हातारीनं सुचवलं की जिच्या हाताची सवय हाय तिचं लुगडं अंगावर घ्या. धुतलेलं नको, कपाटातलं नको, गोठ्यातल्या खुंटीवरचं घ्या. दाजींनी घेतलं. म्हशीनं साडी हुंगली, खूप वेळ हुंगली, आणि मग पान्हा सोडला. बादलीत धार वाजत होती. दाजींनी कपाळ म्हशीच्या बरगडीला टेकलं.

"पावणं," ते म्हणाले, "ह्या मुक्या जीवाला फसवतोय की मी. तिला वाटतंय आली. पाप हाय न्हवं ह्ये?"

मी म्हणालो, न्हाय, दाजी. तिची कास मोकळी होतीया, पाप कसलं. माझा आवाज अगदी शांत होता. खोट्याची सवय झालेल्या माणसाचा असतो तसा. त्यांचं फसवणं म्हशीच्या दुखण्यासाठी होतं. माझं नुसतं मला वाचवण्यासाठी होतं, हे मला त्या दारात उभं राहून पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. मला दाजींच्या जागी बसायची हिंमत नव्हती. हात पुढं करायचीही नाही.

मी निघालो तेव्हा सई फाटकापर्यंत आली. तुझ्यासारखीच चालते, आधी खांदा, मग पाय. तिला पुढं संशोधनाला जागा मिळाली आहे, तुला माहीत होतं. तुला माहीत नाही ते असं की ती जाणार नाही म्हणते. फाटकाला धरून ती म्हणाली, "मामा, आईनं ते काम का सोडलं? मी विचारलं की म्हणायची, माझ्या हातनं निष्काळजीपणा झाला, जनावरं फुकट गेली. मामा, मी तिचीच लेक हाय. माझ्या हातनं पण झाला तर?"

तुझ्या पोरीच्या तोंडात सरांचा शब्द होता. जिन्यातल्या माझ्या दोन शब्दांनी तो तुझ्या अंगाला चिकटला, तुझ्या घरात आला, जेवायला बसला, आणि आता तिच्या अंगावर चढलाय. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, नंतर बोलू, आत्ता तू दमली आहेस. आणि गाडी सुरू केली.

शैला, तू मला पैलवान म्हणायचीस तेव्हा मला आवडायचं. तुझ्यामुळं मी शिकलो की प्रश्न विचारायचा असतो, आणि उत्तर आपल्याला हवं तसं आलं नाही तर रागवायचं नसतं. रेडकासारखं बोट तोंडात घालून तू मला हे शास्त्र पाजलंस. इतकी वर्षं माझ्या वर्गात बसलेल्या पोरापोरींना मी जे काही चांगलं दिलं ते तुझं होतं, आणि तुझं नाव मी एकदाही घेतलं नाही, कारण तुझं नाव घेतलं की पुढचा प्रश्न यायचा. तुझे आभार मानायला बसलो की आधी हेच आडवं येतं. म्हणून आभार इथंच, घाईघाईत.

ते डावीकडचे उंदीर शेवटी मारले गेले. तुला वाईट वाटलं होतं, तू त्या दिवशी डबा खाल्ला नव्हतास. त्यांना आयुष्यात हात मिळाला तो तुझाच, आणि तोही सुई घेऊन आलेला. त्यांचं नखं घासणं मला अजून ऐकू येतं. ते माझ्याकडनं काही मागत नाहीत, नुसते मागं सरकतात.

सरांना मी पत्र लिहिलं आहे. म्हातारे झालेत, पण अजून वाचतात. विभागणी माझी, हाताळणी न करणारा मी, आणि जिन्यात खोटं बोलणारा मी, असं लिहून पोस्टात टाकलं. हा लेखही मुलींना पाठवतोय. दोन्ही कामं सोपी होती, कारण दोन्हींत कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. स्मरणिका छापून यायच्या आत मला गारगोटीला जायचं आहे. फाटकापाशी उभं राहून सईला सांगायचं आहे, "तो निष्काळजीपणा तुझ्या आईचा नव्हता, माझा होता." तेवढं एक वाक्य, माझ्या तोंडानं, तिच्या तोंडाकडं बघून. ते अजून मी सांगितलेलं नाही.